लाल प्लेट केसभर डावीकडे

शीतल मगदूमने आयुष्यात चुलत्याला माफ केलं, नगरपालिकेला माफ केलं, एकदा तर ओला कागद पाठवणाऱ्या व्यापाऱ्यालाही माफ केलं. पण व्हिडिओ गेममध्ये कॅमेऱ्याच्या काचेवर उडणाऱ्या चिखलाला त्याने कधीच माफ केलं नाही.

"अरे, कॅमेरा कुठाय?" हा त्याचा कायमचा प्रश्न. "दोन हजार वर्षांपूर्वीचा योद्धा. हातात भाला. मी त्याच्या डोळ्यांनी बघतोय. मग चिखल काचेवर उडतो कसा? बुबुळाला काय काच बसवली होती?"

हा प्रश्न तो 'गेमर कट्टा' नावाच्या मराठी मंचावर गेली बारा वर्षं विचारत होता, आणि कट्ट्यावरची साडेचार हजार माणसं बारा वर्षं त्याला उत्तरं देत होती. त्यांतली छापण्याजोगी फार थोडी. कट्ट्यावर त्याचं नाव 'रजिस्टरमार्क', आणि त्याच्या मतांची भल्याभल्यांना धास्ती. सूर्याकडे मान वळवली की पडद्यावर तरंगणाऱ्या प्रकाशाच्या चकत्यांबद्दल त्याने लिहिलं होतं, 'आमच्याकडे असं दिसायला लागलं की लोक मिरजेला जाऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतात.' मान हलवताच सगळं पुसट करणाऱ्या मोशन ब्लरबद्दल, 'कलाकारांनी तीन वर्षं खपून भिंत रंगवली आणि मी बघायला गेलो की कुणीतरी ओलं फडकं मारतं.' चित्रभर बारीक कण पसरणाऱ्या फिल्म ग्रेनबद्दल दोनच शब्द होते: 'रवा सांडलाय.'

पण हे झाले किरकोळ शत्रू. खरं वैर होतं रंगफाटीशी.

क्रोमॅटिक ॲबरेशन हे तिचं भारदस्त नाव. चित्रातल्या प्रत्येक वस्तूच्या डाव्या कडेला बारीक लाल रेघ, उजव्या कडेला निळी. स्वस्त भिंगातून पाहिलं की असं दिसतं, कारण भिंग प्रत्येक रंगाचा किरण जरा वेगळ्या कोनात वळवतं. भिंगं घासणाऱ्यांनी दोन-तीनशे वर्षं खपून हा दोष घालवला. गेम बनवणाऱ्यांनी तो हाताने परत घातला. का, तर सिनेमासारखं वाटतं.

शीतलला ते सिनेमासारखं वाटायचं नाही. फुकट गेलेल्या शीटसारखं वाटायचं. जयसिंगपुरात अकराव्या गल्लीत त्याचा 'मगदूम ऑफसेट' हा छापखाना. निळा, लाल, पिवळा, काळा अशा चार प्लेटा कागदावर एकावर एक अचूक बसल्या तर चित्र होतं. एक जरी केसभर सरकली तर छपाईच्या भाषेत रजिस्टर हललं, आणि द्राक्षाच्या शेजारी द्राक्षाचं भूत उभं राहतं. वडील भूपाल मगदूम पहिली शीट हात लांब करून नुसत्या डोळ्यांनी बघत आणि कोपऱ्यात 'ओके' अशी सही करत. भिंग होतं, पण ते खणात. 'भिंग लावतो तो घड्याळजी,' असं ते म्हणत. मगदुमांच्या नजरेवर सांगलीपर्यंतची गिऱ्हाइकं येत. वडील गेल्यावर मशीन, खण आणि नजर असं तिन्ही शीतलकडे आलं.

त्यामुळे दिवसभर जी चूक काढायची, तीच चूक संध्याकाळी करमणूक म्हणून बघायची, हे त्याला मान्य नव्हतं. पूर्वी सेटिंगमध्ये एक बटण असायचं. बंद केलं की संपलं.

मग 'वज्रव्यूह' आला.

बातमी सन्मतीने आणली. हा त्रिशलाचा, म्हणजे शीतलच्या बायकोचा, धाकटा भाऊ. सातव्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. नंबरचे चष्मे नव्हेत, डोळ्यांवर चढवून आत गेम खेळायचे. रविवारी सूर्यास्ताआधी तो जेवायला येई आणि दाजींशी भांडून जाई.

"दाजी, वज्रव्यूहात रंगफाट बंद करायचं बटणच ठेवलं नाही."

शीतलचा घास हातात राहिला. "बटणच नाही?"

"काढून टाकलं. कंपनी म्हणते, तो दिग्दर्शकाचा हेतू आहे."

"त्या दिग्दर्शकाला आठ दिवस आमच्या मशीनवर पाठव. हेतू जागेवर येतो का नाही बघ."

"न खेळता बोलू नका की. कट्ट्याचा नियम हाय."

नियम होताच. कट्ट्यावर कुठल्याही खेळाबद्दल मत द्यायचं तर तो शंभर टक्के पुरा केल्याची खूण नावापुढे लागायची. खूण नसलेल्या माणसाचं मत कितीही शहाणपणाचं असलं तरी त्याला हाकलून देत. शीतलनेच सहा वर्षांपूर्वी हा नियम आणला होता, सन्मतीला गप्प करायला.

सन्मतीने तिथेच मोबाइल काढून कट्ट्यावर टाकलं: 'रजिस्टरमार्क वज्रव्यूहाला घाबरले.' शीतलने ते वाचलं आणि ताटावरूनच उत्तर दिलं: 'ज्यांच्या डोळ्यांत मेणबत्तीएवढाही उजेड नाही त्यांनी दृश्यकलेवर बोलू नये.' दोघांमध्ये शेंगाचटणीच्या वाटीएवढं अंतर होतं.

"मीठ हवंय का कुणाला?" त्रिशलाने विचारलं.

दोघांनी मोबाइलमधून डोकं न काढता माना हलवल्या. एकाची उभी, एकाची आडवी. तिने मीठ मधोमध ठेवलं.

त्रिशला छापखान्यात डिझाइन करायची, प्लेटा काढायची. खेळांबद्दल तिचं मत नव्हतं. एकदा सन्मतीचा चष्मा लावला होता, चार मिनिटांत ओकारी आली, विषय संपला. कट्ट्याच्या नियमाप्रमाणे ती जगातली सगळ्यात अडाणी बाई होती.

शीतलने चष्मा घेतला आणि कागदाच्या गोदामात, रिमांच्या चळतीवर बसून, रोज दुपारी दोन ते पाच खेळायला सुरुवात केली. खेळाची लांबी एकशे चाळीस तास. त्यात राजाच्या तीनशे हरवलेल्या कोंबड्या शोधण्याचं कामही आलं. ते केल्याशिवाय शंभर टक्के होत नाहीत. शत्रूला शिव्या देण्याचा अधिकार मिळावा म्हणून माणूस शत्रूच्या कोंबड्या गोळा करतो, हे फक्त कट्ट्यावरच्या माणसाला समजेल.

जवळ एक वही होती. पहिल्या आठवड्यात तिची पानंच्या पानं भरली. 'तास तिसरा: किल्ल्याच्या बुरुजाला लाल फाट. डोकं दुखतं.' 'तास सातवा: घोड्याला दोन शेपट्या, एक निळी.' 'तास अकरावा: हे बनवणाऱ्याला एकदा तरी भेटायचंय.' तिसाव्या तासापासून नोंदी विरळ झाल्या. नव्वदाव्या तासाला पान कोरं. एकशे चाळिसाव्या तासाला तीनशेवी कोंबडी काखेत धरून शीतल बुरुजासमोर उभा राहिला आणि रंगफाट शोधू लागला. नव्हती. बुरुजाची कड सुरीसारखी स्वच्छ.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर त्याने लिहिलं: 'माझ्या परीक्षणाच्या भीतीने कंपनीने रंगफाट गुपचूप काढून टाकली. हा भ्याडपणा आहे. मला माझे एकशे चाळीस तास परत हवेत.'

कट्टा इतका हसला की मंच अर्धा तास बंद पडला. सन्मती दुसऱ्या दिवशी स्वतः आला.

"दाजी, दुकानातल्या यंत्रावर मोजलं. होती तिथंच हाय. उलट वाढलीय."

"मला दिसत नाही."

"मला तर कधीच दिसली न्हाई."

"मग सहा वर्षं भांडत कशाला होतास?"

"तुम्ही भांडत होता म्हणून."

झालं होतं ते असं. नवा नंबरचा चष्मा लावला की पहिले दोन दिवस दाराच्या चौकटी वाकलेल्या दिसतात, आणि मग सरळ होतात. चौकट सरळ होत नाही; मेंदू चूक ओळखून ती वजा करायला शिकतो. रंगफाटीचंही तसंच. प्रत्येक कडेला डावीकडे लाल, उजवीकडे निळं, असं रोज तीन तास दाखवत राहिलं की मेंदू म्हणतो, बरं, डावीकडचा लाल वजा, उजवीकडचा निळा वजा. चित्र स्वच्छ. इथवर जुनं शास्त्र. कंपनीचा शोध पुढचा होता. रंगफाट दर दहा तासांनी किंचित वाढवत नेली तर ही वजाबाकी घट्ट बसते. झोपेने जात नाही, डोळे मिटून जात नाही. डोळे मिटलेल्या मेंदूला आपलं मत बदलायला कारणच मिळत नाही. चष्मा काढून सात-आठ महिने उघड्या जगाकडे बघत राहिलं, तरच ती हळूहळू सुटते.

आणि तोवर चष्मा काढला तरी वजाबाकी चालूच. जिथे लाल नव्हताच तिथून लाल वजा केला की काय उरणार? उलटी रेघ. खऱ्या जगाच्या प्रत्येक कडेला डावीकडे निळं, उजवीकडे लाल. म्हणजे खेळ स्वच्छ आणि जग फाटलेलं. साहजिकच माणूस चष्मा परत लावतो. कंपनीने हे सगळं वापराच्या अटींत एकोणचाळिसाव्या कलमात, अतिशय बारीक टायपात, प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्याला तिने 'ग्राहकाची निष्ठा' असं नाव दिलं होतं.

दुसरा कुणी असता तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असता. शीतल छापखानेवाला होता. सकाळच्या पेपरचे मथळे उजवीकडून लाल दिसले तेव्हा तो म्हणाला, "रजिस्टर बघायला माणूस ठेवत नाहीत आता." बिस्किटाचा पुडा लाल दिसला, औषधाचं खोकं दिसलं, समोरच्या दवाखान्याची पाटी दिसली. "सगळा धंदा नासलाय," असं त्याने त्रिशलाला सांगितलं. खिडकीचे गजही लाल दिसले. ते कुणी छापले नव्हते, पण तेवढ्यावरून तो थांबला नाही.

दिवाळीआधी नेमगोंडा पाटलांचं काम आलं. बेदाण्याच्या खोक्यावरची लेबलं, चाळीस हजार. वर्षातलं सगळ्यात मोठं काम. त्यावर छापखाना उभा होता. पांढऱ्या कागदावर गडद तपकिरी बारीक अक्षरं, चार रंगांतून जुळवलेली. असल्या कामात चारी रंग एकाच रेषेवर थांबावे लागतात.

शीतलने पहिली शीट उचलली, हात लांब केला.

"त्रिशला! लाल उजवीकडे गेलाय."

तिने शीट घेतली. "नाही गेलेला."

"अगं, अक्षराला रक्त आल्यासारखं दिसतंय."

"बरोबर आहे शीट. लावा मशीन."

"बाबांनी तुझ्या हातात कधी पहिली शीट दिली होती?"

त्रिशलाने शीट टेबलावर ठेवली.

"नाही दिली," ती म्हणाली. "मगदुमांची नजर म्हणायचे. पंधरा वर्षं मी मगदुमांच्यात आहे, नजर तेवढी माहेरची राहिली."

"माहेरची म्हणजे सन्मतीची. त्याला दारातला हत्ती दिसत नाही."

"हत्ती दिसत नाही, पण नसलेला हत्तीही दिसत नाही त्याला."

शीतलने लाल प्लेट केसभर डावीकडे घेतली. दुसरी शीट आली. अक्षरं सुरीसारखी स्वच्छ. त्याने कोपऱ्यात 'ओके' केलं, सही केली आणि चाळीस हजारांचं काम मशीनवर सोडलं.

त्रिशला बोलायची थांबली. घरात नाही, छापखान्यात नाही. जे सांगायचं ते ती छापखान्याच्या जॉब कार्डावर लिहून ठेवू लागली. 'काम: जेवण. प्रती: एक. तयार, झाकून ठेवलंय.' 'काम: गॅस सिलिंडर. तातडीचे.' शीतलही हट्टाला पेटला. त्याने जेवणाच्या कार्डावर शेरा मारला: 'मिळाले. मीठ कमी.' दुसऱ्या दिवशी कार्ड आलं: 'पार्टीने स्वतः घालून घ्यावे.'

चौथ्या दिवशी ती स्वतः त्याच्या टेबलापाशी आली. हातात सासऱ्यांचं भिंग, खणातलं, धूळ पुसलेलं. तिने दोन शीटा शेजारी मांडल्या: पहिली, तिने बरोबर म्हटलेली, आणि त्याने सही केलेली.

"बघा."

"भिंग लावतो तो—"

"मग व्हा घड्याळजी. एक मिनिटासाठी."

भिंगाखाली कागदावरची चूक दहापट मोठी होते. डोळ्यातली रेघ मात्र आहे तेवढीच राहते. ती कागदावर नसतेच. शीतलने सही केलेल्या शीटवर डोळा टेकवला. तपकिरी 'बे'च्या डाव्या कडेबाहेर लाल रंग सांडला होता. उसाच्या पेराएवढा जाड. त्याने भिंग पहिल्या शीटवर सरकवलं. चारी रंग एकाच रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे.

मग त्याने भिंगाखाली सकाळचा पेपर पाहिला. बरोबर. औषधाचं खोकं. बरोबर. बिस्किटाचा पुडा. बरोबर.

"सगळ्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो."

"चाळीस हजार."

"हो."

नेमगोंडा पाटील माल बघायला आले तेव्हा सन्मतीही तिथेच होता. तो वज्रव्यूहाचा दुसरा भाग घेऊन आला होता. पाटील बासष्ट वर्षांचे, धोतर पांढरंशुभ्र.

"अण्णा," शीतल म्हणाला, "लॉट खराब झालाय. चूक माझी. पुन्हा छापून देतो."

त्रिशलाने मान वर केली. पंधरा वर्षांत मधले दोन शब्द या छापखान्यात तिने ऐकले नव्हते.

पाटलांनी लेबल उचललं, हात लांब केला. "खराब कुठाय? उलट असं स्वच्छ तू कधी छापलंच न्हाईस."

शीतलने बरोबर असलेली शीट पुढे केली. पाटलांनी तोंड वाकडं केलं. "ही खराब. लाल सांडलाय की इकडनं. डोळ्याला टोचतंय."

शीतलने हळूच विचारलं, "अण्णा, तुम्ही चष्मा लावता?"

"सून लावून देती दुपारचं. बैलगाडी शर्यत. त्याच तुमच्या कंपनीची." पाटलांना विषय मिळाला. "बैल चांगलं काढल्यात. पण धूळ! धूळ उडती ती काचंवर येऊन बसती. म्हटलं, मी गाडीवर उभा हाय, काच कुठली आली मधी? बैलाला काय दार बसवलंय? आन् वळणावर सगळं पुसटतंय. पुसटायला मी काय प्यालोय?"

जन्मभराचा मित्र भेटावा तसं शीतलला वाटलं. हे सगळं त्याला लिहून घ्यावंसं वाटत होतं.

"अण्णा, एकदा भिंगातनं बघा," त्रिशला म्हणाली.

"वहिनी, बेदाणा घेणारा गिऱ्हाईक भिंग घेऊन येतोय व्हय? त्याला डोळ्याला चांगलं दिसलं म्हंजे झालं. गावात आता समदेच चष्मा लावत्यात."

"आणि गावाबाहेर?"

"तितंबी लावतील की."

सन्मतीने दोन्ही शीटा बघितल्या. "अण्णांचं बरोबर हाय, आक्का. मलाबी सहीवालीच चांगली दिसतीय. दाजी, तुम्हाला कुठली?"

शीतलने बघितलं. खोटं बोलावं असं मनात आलं. "मलाही तीच."

"मग? तिघांचं एक मत. आक्काचं एकटीचं वेगळं, आन् तिच्या नावापुढं तर खूणबी न्हाई." सन्मती हसला. "कट्ट्यावर टाकू. मतदान घेऊ."

"पुढचा लॉट साठ हजारांचा," पाटील म्हणाले. "असाच छापायचा. ही लाल सांडलेली भानगड नको. व्हय का न्हाई सांग."

शीतलने त्रिशलाकडे बघितलं. तिच्या गालाच्या डाव्या कडेला निळी रेघ होती, उजव्या कडेला लाल. भिंग तिने टेबलावर ठेवलं होतं, दोन्ही शीटांच्या मधोमध, मिठासारखं.

"असं छापत नाही, अण्णा," तो म्हणाला. "झालं ते न्या. पुढचं रजिस्टरमध्येच मिळेल."

"मला खराब दिसतंय ते तू मला मुद्दाम देणार?"

"मलाही खराबच दिसतंय."

पाटील उठले. "भूपाल असता तर कानाखाली काढली असती तुझ्या. इचलकरंजीत एक पोरगं हाय, नवीन मशीन घेतलंय. त्याला नजर-बिजर काय न्हाई. सांगंल तसं छापतंय." जाताना त्यांनी चाळीस हजार लेबलं खुशीत टेम्पोत भरून घेतली.

"दाजी, डोकं फिरलंय तुमचं," असं सांगून सन्मतीही गेला. दुसरा भाग मात्र टेबलावर ठेवून गेला.

त्या संध्याकाळी शीतलने भिंग लावून वापराच्या अटी वाचल्या आणि कट्ट्यावर सगळं लिहिलं. वजाबाकी, भिंग, चाळीस हजार लेबलं, एकोणचाळिसावं कलम, काही लपवलं नाही. शेवटी लिहिलं, 'चष्मे काढा. सात-आठ महिने लागतील. तोवर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.' अकरा मिनिटांत दोनशे उत्तरं आली आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच होता: दुसरा भाग पुरा केलात का? नसेल केला, तर नियम माहीत आहे ना? सव्वाअकरा मिनिटांनी त्याला त्याच्याच नियमाने कट्ट्यावरून काढून टाकण्यात आलं. ठराव सन्मतीने मांडला.

पुढच्या आठवड्यात मशीनवर एक लहानसं काम होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेची पाचशे प्रशस्तिपत्रकं. पहिली शीट बाहेर आली. त्रिशलाने ती भिंगाखाली धरली, चारी कोपरे पाहिले, आणि मग त्याच्यासमोर धरली.

"कशी वाटते?"

"भयानक," तो म्हणाला. "प्रत्येक अक्षराला रक्त आलंय."

"ओके करू?"

"कर."

तिने कोपऱ्यात 'ओके' लिहिलं आणि पहिल्यांदाच स्वतःची सही केली. मग पेन त्याच्याकडे सरकवलं. शीतलने थोडा विचार केला, सहीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मत प्रतिकूल. छापावे,' आणि मशीन चालू केलं.